सहा जेल, पण नमुने किती?

या सदराकडे गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे प्रथिनांच्या जेल-प्रयोगांबद्दल, म्हणजे जेलच्या थरातून प्रथिने एकमेकांपासून वेगळी करून ठिपक्यांच्या रूपात मोजण्याच्या प्रयोगांबद्दल आहेत. प्रथिने काढणे, जेल चालवणे, रंगवणे आणि स्कॅन करणे इथवर बहुतेकांना अडचण येत नाही. ठिपक्यांची आकडेवारी हाती आल्यावर तिचे काय करायचे, हा खरा पेच आहे. अशा पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्रातील चूक मी सर्वाधिक वेळा पाहिली असल्यामुळे त्याचे उत्तर बरेच लांबले आहे.

प्रश्न : मी रब्बी ज्वारीच्या मुळांतील प्रथिनांवर पाण्याच्या ताणाचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास करत आहे. मालदांडीच्या आठ कुंड्यांना नियमित पाणी दिले आणि आठ कुंड्यांना ताण दिला. प्रत्येक गटातील आठही कुंड्यांची मुळे एकत्र वाटून एकेक अर्क तयार केला आणि प्रत्येक अर्काचे तीन द्विमितीय जेल चालवले. सहाही जेलवर जुळणारे सुमारे ९०० ठिपके मिळाले. एक्सेलमध्ये प्रत्येक ठिपक्याची टी-चाचणी केली असता ५२ ठिपक्यांचे पी-मूल्य (खरा फरक नसताना केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी आले. आमच्या समितीतील एका परीक्षकांनी मात्र ‘या प्रयोगात रिप्लिकेशनच नाही’, म्हणजे स्वतंत्र पुनरावृत्तीच नाही, असा शेरा दिला. प्रत्येक उपचाराचे तीन जेल असताना असे का म्हणावे? (संशोधक विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : परीक्षकांचा शेरा योग्य आहे. तो मनाला लागला असेल हे मी समजू शकतो, कारण सहा द्विमितीय जेल चालवण्यात किती दिवस जातात हे मला ठाऊक आहे.

आपला प्रश्न ताण दिलेली ज्वारीची रोपे आणि पाणी दिलेली रोपे यांत फरक पडतो का, असा आहे. म्हणून मोजणीचे एकक ताण स्वतंत्रपणे मिळालेली कुंडी हे आहे. जेल हे नाही. आठ कुंड्यांची मुळे एकत्र वाटल्यावर त्या आठ कुंड्यांचा मिळून एकच आकडा उरला. तो आकडा आठांची सरासरी असल्यामुळे एका कुंडीच्या आकड्यापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे, हे खरे; परंतु कुंडीगणिक प्रथिनाचे प्रमाण किती कमीजास्त होते, ही माहिती खलबत्त्यातच नाहीशी झाली. त्याच अर्काचे तीन जेल चालवून जो फरक दिसतो तो जेल ओतण्यातला, पट्टीत अर्क शोषला जाण्यातला आणि रंगवण्यातला असतो. टी-चाचणी गटांमधील फरकाला गटांतर्गत चढउताराने भागते. आपल्या प्रयोगात भाजकाच्या जागी केवळ तांत्रिक चढउतार बसला. म्हणून त्या चाचणीने ‘हे दोन अर्क वेगळे आहेत का’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर दिले. कोणत्याही दोन अर्कांत काही ना काही फरक असतोच. या चुकीला स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली पर्यावरणशास्त्रातील प्रयोगांच्या संदर्भात जे नाव दिले त्याचा अर्थ ‘आभासी पुनरावृत्ती’ असा होतो, आणि जेलच्या बाबतीतही ते तंतोतंत लागू पडते.

शेतातील चाचणीचे उदाहरण घ्या. एकाच वाफ्यातील धान्य तीनदा वजन करून ‘तीन रिप्लिकेशन’ असे आपल्या विद्यापीठात कोणीही लिहिणार नाही. कृषिविद्येचा विद्यार्थी आरबीडीचा, म्हणजे शेताचे ब्लॉक पाडून प्रत्येकात उपचार यादृच्छिकपणे वाटण्याचा आराखडा आखताना जी काळजी घेतो, तीच काळजी प्रयोगशाळेच्या दारात पाऊल टाकताच आपण का सोडून देतो, याचे मला नेहमी वाईट वाटते. रोनाल्ड फिशर यांनी १९१९ पासून रॉथमस्टेड येथे ही पद्धत घडवली ती शेतातील प्रयोगांसाठीच. टी-चाचणीचा उगमही असाच आहे. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ साली ती मांडली, कारण त्यांच्यापुढे मोजकेच नमुने असत आणि त्यांतून काय म्हणता येईल व काय म्हणता येणार नाही हे त्यांना ठरवायचे होते.

आता ५२ या आकड्याकडे वळू. आपले दोन्ही अर्क प्रत्येक ठिपक्याच्या बाबतीत हुबेहूब सारखे असते, तरीही ०.०५ या मर्यादेवर ९०० पैकी सुमारे ४५ ठिपके केवळ योगायोगाने ‘सार्थ’ ठरले असते, कारण ९०० गुणिले ०.०५ म्हणजे ४५. आपल्याला ५२ मिळाले. त्यांतील कोणते खरे आणि कोणते योगायोगाचे, हे या यादीवरून सांगता येत नाही, आणि त्यांतून दहा ठिपके कापून प्रथिनांची ओळख पटवण्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवले तर पैसा बहुधा वाया जाईल.

यावरचा सर्वांत कडक उपाय म्हणजे बॉनफेरोनीची दुरुस्ती, ज्यात मर्यादेला चाचण्यांच्या संख्येने भागतात. ०.०५ भागिले ९०० म्हणजे साधारण ०.००००५६. इतकी कडक मर्यादा लावली तर खरे फरकही निसटतात. जेलच्या कामात अधिक उपयोगी पडते ती योआव बेंजामिनी आणि योसेफ हॉखबर्ग यांनी १९९५ साली मांडलेली रीत. सर्व ९०० पी-मूल्ये लहानापासून मोठ्यापर्यंत मांडावीत. पहिल्याची तुलना ०.०५ गुणिले १/९०० शी, दहाव्याची ०.०५ गुणिले १०/९०० शी म्हणजे सुमारे ०.०००५६ शी, अशी क्रमाने करत जावी आणि ज्या सर्वांत शेवटच्या क्रमांकावर पी-मूल्य आपल्या मर्यादेच्या आत राहते तिथपर्यंतचे सर्व ठिपके स्वीकारावेत. बॉनफेरोनी एकही खोटा ठिपका आत येऊ नये म्हणून झटते, तर ही रीत स्वीकारलेल्या यादीतील खोट्या ठिपक्यांचे प्रमाण सरासरीने पाच टक्क्यांच्या आत ठेवते. पुढच्या तपासणीसाठी यादी हवी असेल तर पाचऐवजी दहा टक्के मर्यादा ठेवण्यासही हरकत नाही. ती आकडे पाहण्याआधी ठरवावी आणि प्रबंधात स्पष्ट लिहावी.

मात्र ही दुरुस्ती आपल्या सध्याच्या सहा जेलना लावून उपयोग नाही, कारण जी पी-मूल्येच चुकीच्या भाजकातून आली आहेत त्यांची क्रमवारी लावून ती बरोबर होत नाहीत. कुंड्यांची मुळे वेगवेगळी गोठवून ठेवलेली असतील तर नव्याने अर्क काढावेत. नसतील तर प्रयोग पुन्हा करावा लागेल आणि हाती असलेल्या सहा जेलना ‘प्राथमिक चाचणी’ म्हणून प्रबंधात जागा द्यावी.

पुन्हा करताना जेल कसे वाटावेत हे आकड्यांवरून पाहू. समजा, पाया २ असलेल्या लॉगॅरिदमच्या मापात कुंडीगणिक प्रचरण (चढउताराचे माप) ०.१६ आणि तांत्रिक प्रचरण ०.०९ आहे, आणि प्रत्येक उपचारासाठी आपल्याला सहाच जेल परवडतात. तीन कुंड्यांचे प्रत्येकी दोन जेल चालवले तर सरासरीचे प्रचरण ०.१६/३ अधिक ०.०९/६, म्हणजे ०.०६८ येते. सहा कुंड्यांचे प्रत्येकी एकच जेल चालवले तर ते ०.२५/६, म्हणजे ०.०४२ येते. जेल तितकेच, रसायने तितकीच, पण दुसऱ्या वाटपात अनिश्चितता बरीच घटते. एका कुंडीतून पुरेसे प्रथिन मिळत नसेल तर दोन-दोन कुंड्यांचे चार वेगळे गट करून चार स्वतंत्र अर्क काढावेत. एकत्र वाटण्यात गैर काही नाही, सगळे एकाच भांड्यात वाटण्यात आहे.

आणखी एक विनंती. एका टाकीत सहा जेल मावत असतील तर प्रत्येक खेपेला दोन्ही उपचारांचे तीन-तीन जेल ठेवावेत आणि कोणता नमुना कोणत्या खाचेत जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी सोयीसाठी नियंत्रण गटाचे सगळे जेल एका आठवड्यात आणि उपचार गटाचे पुढच्या आठवड्यात चालवले होते. मधल्या काळात ॲक्रिलमाइडचे द्रावण नवे बनवले गेले. जे फरक मला दिसले ते उपचाराचे की द्रावणाचे, हे त्या आकड्यांतून आजही सांगता येणार नाही. टाकीची प्रत्येक खेप हा आरबीडीतला ब्लॉक मानला आणि विश्लेषणात त्याला स्थान दिले की हा गोंधळ टळतो.

प्रश्न : आमच्याकडे प्रत्येक गटात तीनच नमुने आहेत आणि आकडे प्रसामान्य वितरणात बसत नाहीत. अशा वेळी टी-चाचणीऐवजी आकड्यांच्या केवळ क्रमावर चालणारी मान-व्हिटनी चाचणी वापरणे सुरक्षित नाही का? किमान किती नमुने घ्यावेत? (जैवतंत्रज्ञानाचे अध्यापक, कोल्हापूर)

उत्तर : तीन विरुद्ध तीन नमुन्यांत ही चाचणी वापरणे म्हणजे निकाल आधीच ठरवणे आहे. सहा आकड्यांतून तीन निवडण्याचे २० प्रकार आहेत. एका गटातील तिन्ही आकडे दुसऱ्या गटातील तिन्हींपेक्षा मोठे असले, म्हणजे याहून स्पष्ट फरक असूच शकत नाही, तरी दुहेरी पी-मूल्य २/२०, म्हणजे ०.१ येते. ते ०.०५ च्या खाली कधीच जाणार नाही. चार विरुद्ध चारमध्ये सर्वांत लहान शक्य मूल्य २/७०, म्हणजे ०.०२९ आहे, सहा विरुद्ध सहामध्ये ते २/९२४, म्हणजे ०.००२२ आहे. शेकडो ठिपक्यांची दुरुस्ती करायची असेल तर हेही अनेकदा पुरत नाही.

आकडे प्रसामान्य नसण्याचे कारण बहुतेक वेळा साधे असते. ठिपक्याची तीव्रता जितकी मोठी तितका तिचा चढउतारही मोठा असतो. पाया २ चा लॉगॅरिदम घेतला की हा दोष बराचसा निघून जातो, शिवाय दुप्पट होणे म्हणजे अधिक १ आणि निम्मे होणे म्हणजे उणे १ अशी दोन्ही दिशांना समान मोजपट्टी मिळते. मूळ तीव्रतेत सरासरी काढली तर वाढ मोठी आणि घट लहान भासते. म्हणून आधी लॉगॅरिदम, मगच चाचणी.

त्यापुढची पायरी म्हणजे गॉर्डन स्माइथ यांनी २००४ साली मांडलेली संयमित टी-चाचणी. तीन आकड्यांवरून काढलेले प्रचरण फार डळमळीत असते. योगायोगाने तिन्ही आकडे जवळ आले तर क्षुल्लक फरकही प्रचंड सार्थ दिसतो. ही पद्धत प्रत्येक ठिपक्याचे प्रचरण सर्व ठिपक्यांच्या प्रचरणाकडे थोडे ओढून घेते आणि त्यामुळे असे फसवे निकाल कमी होतात. ती जनुकांच्या मायक्रोअॅरेसाठी बनली, तरी जेलच्या आकड्यांनाही चालते, आणि आर या मोफत संगणकप्रणालीतील लिम्मा या संचात ती तयार मिळते.

किमान नमुन्यांसाठी एक अंदाजी सूत्र आहे : प्रत्येक गटातील नमुने = १६ × (प्रमाण विचलन ÷ अपेक्षित फरक)². यात पाच टक्के सार्थकता पातळी आणि खरा फरक पकडण्याची ८० टक्के क्षमता गृहीत धरली आहे. लॉगॅरिदमच्या मापात प्रमाण विचलन ०.५ असेल आणि दुपटीचा फरक, म्हणजे १, पकडायचा असेल तर उत्तर ४ येते. इतक्या लहान संख्येत हे सूत्र थोडे उदार असल्याने ६ धरावेत. दीडपटीचा फरक पकडायचा असेल तर लॉगॅरिदम ०.५८५ होतो आणि उत्तर सुमारे १२ येते. शेकडो चाचण्यांची दुरुस्ती जमेस धरली तर याहून अधिक लागतील. तीन नमुन्यांत दीडपटीचा फरक ‘सिद्ध’ केल्याचे लेख आजही वाचायला मिळतात. त्यांतील दाव्यांकडे मी सावधपणे पाहतो.

प्रश्न : काही ठिपके एका जेलवर दिसतात, दुसऱ्यावर दिसत नाहीत. तिथे शून्य लिहावे का? (संशोधक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : शून्य लिहू नये. ठिपका न दिसण्याची तीन कारणे असू शकतात : प्रथिन खरोखर नाही, आहे पण रंगाच्या शोधमर्यादेखाली आहे, किंवा ठिपका आहे पण संगणकाने तो शेजारच्या ठिपक्यात मिसळला किंवा जुळवताना चुकवला. तिसरे कारण सर्वांत जास्त वेळा आढळते. म्हणून आधी मूळ प्रतिमा उघडून त्या जागी डोळ्यांनी पाहावे. मात्र पाहताना कोणते जेल कोणत्या उपचाराचे आहे हे पाहणाऱ्याला कळता कामा नये. जेलना सांकेतिक क्रमांक देण्याचे काम सहकाऱ्याकडे सोपवावे. हाताने ठिपके दुरुस्त करताना आपल्या अपेक्षा नकळत प्रतिमेत उतरतात, आणि हे अत्यंत प्रामाणिक माणसाच्या बाबतीतही घडते.

त्यानंतरही रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी नियम आधी ठरवावा. उदाहरणार्थ, किमान एका गटातील सहापैकी पाच जेलवर दिसणारे ठिपकेच चाचणीत घ्यावेत. सरासरी भरून रिकामी जागा बुजवणे चुकीचे आहे, कारण ठिपका बहुधा कमी असल्यामुळेच दिसला नाही आणि सरासरी टाकून आपण त्याला जास्त ठरवतो. एका गटात सर्वत्र आणि दुसऱ्यात कुठेच नाही, असे ठिपके वेगळ्या तक्त्यात द्यावेत आणि त्यांना फिशरची अचूक चाचणी लावावी. तिचे गणित मान-व्हिटनीबाबत वर दिले तसेच चालते, म्हणजे तीन विरुद्ध तीनमध्ये येथेही ०.१ च्या खाली जाता येत नाही.

प्रश्न : हरभऱ्याच्या पानांवर ताण दिला असता आमच्या जेलवर जवळपास सगळीच प्रथिने थोडी थोडी वाढलेली दिसतात. हे शक्य आहे का? (वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, राहुरी)

उत्तर : ही वाढ बहुधा भागाकारातून आली आहे. हरभऱ्यासारख्या सी-३ पिकांच्या पानांतील विद्राव्य प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या रुबिस्कोचा, म्हणजे प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या विकराचा, असू शकतो. समजा, १०० पैकी ५० भाग रुबिस्को आहे आणि ताणामुळे ते सुमारे ३३ वर आले, बाकीच्यांत काहीच बदल झाला नाही. आता एकूण ८३ झाले आणि बाकीच्यांचा वाटा ५० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेला. प्रत्येक जेलवर समान मायक्रोग्रॅम प्रथिन चढवल्यामुळे आणि ठिपके एकूण तीव्रतेच्या टक्केवारीत मोजल्यामुळे प्रत्येक निर्दोष प्रथिन १.२ पट वाढलेले दिसते. प्रत्येक ठिपक्याचे लॉग गुणोत्तर काढून सर्वांचा मध्यक शून्यावर आणावा. रुबिस्कोचे ठिपके संख्येने मोजकेच असल्याने मध्यक त्यांच्यामुळे फारसा हलत नाही. जमल्यास पॉलिइथिलीन ग्लायकॉलने रुबिस्को आधीच बाजूला काढावे, म्हणजे त्याच्या सावलीत दडलेले ठिपकेही दिसू लागतील.

प्रश्न : वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवरील प्रथिने पडद्यावर घेऊन एक विशिष्ट प्रथिन प्रतिपिंडाने ओळखण्याच्या पद्धतीत) मी प्रत्येक वेळी नियंत्रण नमुना १ धरते आणि उपचाराचे गुणोत्तर काढते. तीन स्वतंत्र प्रयोगांत १.८, २.४ आणि १.५ अशी गुणोत्तरे आली. नियंत्रण १, १, १ धरून टी-चाचणी करता येईल का? (पेशीविज्ञानातील संशोधक, पणजी)

उत्तर : नियंत्रणाला तिन्ही वेळा १ धरल्यावर त्या गटाचे प्रचरण आपणच शून्य केले, त्यामुळे दोन नमुन्यांची नेहमीची टी-चाचणी येथे लागू होत नाही. प्रत्येक ब्लॉटवर नियंत्रण आणि उपचार जोडीने आहेत, म्हणून जोडीचेच विश्लेषण करावे. तिन्ही गुणोत्तरांचे पाया २ चे लॉगॅरिदम ०.८४८, १.२६३ आणि ०.५८५ येतात. त्यांची सरासरी ०.८९९, प्रमाण विचलन ०.३४२ आणि सरासरीची प्रमाण त्रुटी ०.१९७ आहे. ही सरासरी शून्यापासून वेगळी आहे का, हे तपासताना टी ४.५५ येतो, दोन स्वातंत्र्यमात्रांवर पी-मूल्य ०.०४५ होते.

मी मात्र पी-मूल्यापाशी थांबणार नाही. ९५ टक्के विश्वास अंतराल ०.०५ ते १.७५ आहे, गुणोत्तरात परत आणले तर सुमारे १.०४ पट ते ३.४ पट. म्हणजे प्रथिन जेमतेम वाढले असणे आणि तिपटीहून अधिक वाढले असणे, या दोन्ही शक्यता या तीन प्रयोगांशी सुसंगत आहेत. लेखात ‘१.९ पट वाढ, पी ०.०४५’ एवढेच लिहिले तर ही अनिश्चितता वाचकापासून लपून राहते. अंतराल लिहावा, आलेखात तिन्ही बिंदू दाखवावेत आणि शक्य असेल तर आणखी तीन प्रयोग करावेत. मात्र पी-मूल्य पाहत पाहत एकेक प्रयोग वाढवत जाऊन ते ०.०५ खाली येताच थांबू नये, कारण तसे केल्याने खोट्या निष्कर्षाची शक्यता पाच टक्क्यांच्या बरीच वर जाते. अधिक किती प्रयोग करायचे ते आधीच ठरवून वहीत लिहावे.

हे सर्व करण्याआधी ब्लॉटवरील प्रथिनाची पट्टी संपृक्त झालेली नाही ना, म्हणजे प्रथिन वाढले तरी तिची तीव्रता वाढेनाशी झालेली नाही ना, हे पाहावे. एकाच अर्काचे ५, १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅम शेजारी शेजारी चढवावेत आणि तीव्रता त्या प्रमाणात दुपटीने वाढते का ते मोजावे. नमुन्यांतील कमीजास्त प्रथिनाची भरपाई करण्यासाठी ज्याने भागतात ते अॅक्टिनसारखे मुबलक प्रथिन नेहमीच्या मात्रेत अनेकदा संपृक्त झालेले असते. मग नमुना दुप्पट चढला तरी त्याची पट्टी तेवढीच दिसते आणि त्याने भागून केलेली दुरुस्ती ही दुरुस्ती राहत नाही. अशा वेळी पडद्यावरील एकूण प्रथिन रंगवून त्याने भागणे अधिक चांगले. क्ष-किरण फिल्मवर ही मर्यादा फारच लवकर येते, म्हणून मोजणी करायची असेल तर कॅमेऱ्याने घेतलेली प्रतिमा वापरावी आणि तिच्यात एकही चित्रबिंदू कमाल मूल्याला टेकलेला नाही याची खात्री करून मगच आकडे तक्त्यात उतरवावेत.